रक्तदाब, इन्सुलिनरोध आणि कृत्रिम मूत्रपिंड : एका अनुमानाचा इतिहास

मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे डायलिसिसवर जगणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब उतरविला म्हणजे वैद्याचे काम संपले, असे आता मानले जात नाही. त्यासाठी दिलेले औषध इन्सुलिनरोध वाढविते की कमी करते, हेही पाहावे लागते. इन्सुलिनरोध म्हणजे रक्तात इन्सुलिन असूनही पेशींनी त्याला मंद प्रतिसाद देणे. परंतु या प्रश्नाचा इतिहास पाहता असे दिसते, की त्याची बहुतेक उत्तरे अन्य रुग्णांवरून मिळालेली असून डायलिसिसच्या रुग्णास ती अनुमानाने लागू करण्यात आली आहेत.

मूत्रपिंड, रक्तदाब आणि शर्करा यांचा संबंध प्रारंभी एकत्रच नजरेस आला होता. १९१० मध्ये नॉयबाउअर यांनी वाढलेल्या रक्तदाबासह मूत्रपिंडविकार असणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील शर्कराही वाढलेली असल्याचे नोंदविले. पुढे मात्र या तिन्ही विषयांचे मार्ग भिन्न झाले. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि १९३६ मध्ये लंडनच्या हिम्सवर्थ यांनी मधुमेहाचे इन्सुलिनला प्रतिसाद देणारा व न देणारा असे दोन प्रकार कल्पिले. १९४३ मध्ये हॉलंडमधील काम्पेन येथे कोल्फ यांनी फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड रुग्णासाठी वापरले. रक्तदाबाच्या क्षेत्रात १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या प्रयोगाचे निष्कर्ष ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि या भारतीय वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले.

१९६० मध्ये सिएटल येथे स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांत कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी योजिली. तेव्हापासून डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगणे शक्य झाले आणि अशा रुग्णाच्या दीर्घकालीन आरोग्याचा विचार आवश्यक ठरला. १९७९ मध्ये डीफ्रॉन्झो, टोबिन आणि अँड्रेस यांनी इन्सुलिनरोध मोजण्याची पद्धत सविस्तर मांडली. तीत रुग्णास इन्सुलिन एकसारख्या गतीने देत राहावयाचे आणि शर्करेची पातळी ढळू नये यासाठी किती ग्लुकोज द्यावे लागते हे मोजावयाचे. ग्लुकोज जितके कमी लागेल तितका रोध अधिक. १९८१ मध्ये डीफ्रॉन्झो व त्यांचे सहकारी यांनी याच पद्धतीने दाखवून दिले, की मूत्रपिंडाच्या अखेरच्या विकारात यकृत इन्सुलिनला जवळजवळ नेहमीसारखाच प्रतिसाद देते. रोध मुख्यतः स्नायूंत असतो.

त्याच वर्षी ब्राझीलच्या जराराका सर्पाच्या विषावरील संशोधनातून निष्पन्न झालेल्या कॅप्टोप्रिल या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. १९८७ मध्ये फेरानिनी यांनी रक्तदाबाच्या रुग्णांत इन्सुलिनरोध आढळतो असे सिद्ध केले. १९८९ मध्ये स्वीडनमधील पोलारे, लिथेल व बेर्ने यांनी दोन औषधांची तुलना केली. कॅप्टोप्रिलने इन्सुलिनचा प्रभाव वाढला, तर हायड्रोक्लोरोथायझाइड या मूत्रल औषधाने तो घटला. रक्तदाब दोन्हींनी उतरतो. शर्करेवरील परिणाम मात्र परस्परविरुद्ध! २००४ मध्ये टेल्मिसार्टन हे औषध, मधुमेहावरील काही औषधे पेशीतील ज्या ग्राहकावर कार्य करतात, त्याच ग्राहकास अंशतः चेतविते असे आढळले.

या निष्कर्षांवरून डायलिसिसच्या रुग्णांविषयी अनुमान करणे स्वाभाविक होते. परंतु ते निर्धोक नव्हते. ज्याला लघवीच होत नाही त्याला थायझाइडचा उपयोग नाही. म्हणजे १९८९ ची तुलना त्याच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक ठरते. इन्सुलिनचा काही भाग मूत्रपिंडेच नष्ट करतात. ती निकामी झाली की इन्सुलिन रक्तात अधिक काळ टिकते. अशा रुग्णात एकीकडे पेशींचा रोध आणि दुसरीकडे शर्करा एकाएकी उतरण्याचा धोका, ही दोन्ही एकत्र नांदतात. शिवाय लिसिनोप्रिल व अटेनोलॉल यांसारखी औषधे डायलिसिसमध्ये रक्तातून निघून जातात.

मोठ्या चाचण्यांनीही सावधपणाच शिकविला. २००० च्या होप चाचणीत रामिप्रिल घेणाऱ्यांपैकी ३.६ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ५.४ टक्के लोकांत नवा मधुमेह नोंदला गेला; मात्र उघड मूत्रपिंडविकार असलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेलेच नव्हते. २००६ च्या ड्रीम चाचणीत, मधुमेह टाळणे हाच मुख्य हेतू असता, रामिप्रिलचा निर्णायक लाभ दिसला नाही. त्याच वर्षी ३९७ डायलिसिस-रुग्णांवरील फोसिनोप्रिलच्या चाचणीतही हृदयविकाराच्या घटनांत निर्णायक घट आढळली नाही.

तरीही हा प्रश्न गौण म्हणता येणार नाही. २००२ मध्ये ओसाका येथील संशोधकांनी मधुमेह नसलेल्या १८३ डायलिसिस-रुग्णांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्यांचा इन्सुलिनरोध अधिक त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यूही अधिक होते. परंतु तेथे रोधाचे मापन उपाशीपोटीच्या शर्करेवरून व इन्सुलिनवरून केलेले होते, आणि या रुग्णांत इन्सुलिन वाढण्यास निकामी मूत्रपिंडही कारण असू शकते. रोध घातक असणे ही एक गोष्ट. रक्तदाबाच्या औषधाने तो कमी केल्यास आयुष्य वाढते ही दुसरी. पहिलीस ओसाकाच्या निरीक्षणाचा आधार आहे. दुसरी सिद्ध व्हावयाची तर ती डायलिसिसच्याच रुग्णांवर, आणि १९८१ प्रमाणे प्रत्यक्ष मापनाने, सिद्ध व्हावी लागेल.