तोफेला टार्गेट दिसत नाही

ते चार निशाणांचं चित्र तुम्ही पाहिलंच असेल. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये, नाहीतर नेट-सेटच्या गाइडमध्ये. गोलात गोल काढलेले, प्रत्येकावर पाच-सहा ठिपके. एकात ठिपके मधोमध दाटलेले, एकात कोपऱ्यात दाटलेले, एकात मध्याभोवती पसरलेले, चौथ्यात कुठेही. खाली ओळ असते: खऱ्या किमतीच्या जवळ असणं ही अ‍ॅक्युरसी, रीडिंग एकमेकांच्या जवळ असणं हे प्रिसिजन. व्हायवात विचारलं की आपण हे चित्र हवेत बोटाने काढतो आणि दोन मार्क घेतो. मीही घेतलेत.

पण त्या चित्रात एक लबाडी आहे. त्यात निशाण दिसतं. संशोधनात आपल्याला फक्त ठिपके दिसतात. गोल कुठे काढलेत हे माहीत असतं, तर ते मोजायला कुणी गेलंच नसतं. हे मला पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं, आणि तेही प्रयोगशाळेत नाही, तर घरी, देवळाली कॅम्पात.

देवळालीने इंग्रजीला एक शब्द दिलाय हे तुम्हाला कदाचित माहीत असेल. मुदत संपलेले गोरे सैनिक इथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे, आणि ऊन नि रिकामपण यांनी काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्याला ‘डूलॅली’ म्हणू लागले. मूळ वाक्प्रचार ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. हा शब्द लोक कौतुकाने सांगतात. मला मात्र वाटतं की गावाने इंग्रजीतले आणखी दोन शब्द समजावून द्यायला हवेत, कारण त्यांची तालीम इथे रोज चालते.

तोफखान्याचं प्रशिक्षण देणारं स्कूल ऑफ आर्टिलरी इथे आहे. मुळात ते आज पाकिस्तानात असलेल्या काकूलला होतं, ते १९४० च्या दशकात देवळालीत आलं. आमच्याकडे फायरिंग सुरू झालं की खिडकीची काच थरथरते, आणि पाहुण्यांखेरीज कुणी मान वर करत नाही. शेजारचे काका तोफखान्यातूनच सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माझा डेटा बिघडला होता तेव्हा मी सुट्टीत घरी येऊन तोंड पाडून बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “काय झालं गं?” मी सांगितलं. ते म्हणाले, “अगं, तोफेला टार्गेट दिसतं कुठे?”

त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

आधी शब्द. ‘अ‍ॅक्युरेट’ लॅटिनमधल्या काळजी या अर्थाच्या ‘क्युरा’वरून आला. काळजीपूर्वक केलेलं ते अ‍ॅक्युरेट. ‘प्रिसाइज’च्या मुळाशी कापणं आहे, पुढचा भाग छाटून टाकणं. म्हणजे जन्मतः या दोन शब्दांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता, आणि निशाणाशी तर नव्हताच. व्यवहारात मात्र ते इतके जवळ आले की इंग्रजी माणूसही बोलताना दोन्ही एकच समजून वापरतो. मराठीत आपली अडचण वेगळी. आपण दोन्हींना ‘अचूक’ म्हणून मोकळे होतो. तसं पाहिलं तर अचूक म्हणजे न चुकणारं, तो शब्द अ‍ॅक्युरसीचा. प्रिसिजनला मला ‘काटेकोर’ बरा वाटतो. काटेकोर म्हटलं की तराजूचा काटा डोळ्यांपुढे येतो, आणि तराजूचा काटा कितीही बारीक हलत असला तरी शून्यच सरकलेलं असू शकतं.

आता तोफा. अठराव्या शतकातली तोफ आतून गुळगुळीत नळीची. गोळा नळीपेक्षा थोडा लहान ठेवावा लागे, नाहीतर दारूची काजळी साचल्यावर तो आत जायचाच नाही. त्या फटीमुळे गोळा नळीत आदळत-आपटत बाहेर पडे, आणि शेवटचा आपट ज्या बाजूला, त्याप्रमाणे त्याला गिरकी मिळे. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे पुस्तक लिहिलं. गोळीचा वेग मोजायला लंबकाचं उपकरण त्याचंच. गोळी सरळ न जाता डावी-उजवीकडे वळते ती या गिरकीमुळे, हे त्याने दाखवलं. (हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनियर होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.) पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे घ्या किंवा पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी घ्या, सगळ्यांना याच प्रकारच्या तोफा चालवाव्या लागल्या. तेव्हा तोफ डागणाऱ्याला गोलंदाज म्हणत. आज आपण तो शब्द क्रिकेटला देऊन टाकला, तरी गंमत म्हणजे टप्पा पुन्हापुन्हा एकाच जागी पाडण्याची अपेक्षा त्या शब्दासोबतच गेली.

अशा तोफेत एक गोळा पन्नास पावलं डावीकडे पडला तर काय करायचं? नळी उजवीकडे वळवायची? पुढचा गोळा तसाही उजवीकडेच गेला असता तर? रीडिंग इतकी पसरलेली असतील तर चूक कुठल्या बाजूला आहे हे कळतच नाही. प्रिसिजन नसेल तर अ‍ॅक्युरसी सुधारायचा प्रयत्नही करता येत नाही. हे वाक्य परीक्षेच्या चित्रात सापडत नाही, पण प्रयोगशाळेत सगळ्यात आधी हेच लागतं. इथे पुस्तकांतलं एक वाक्य मला खटकतं: ‘पसरट पण सरासरीने बरोबर’ असलेलं तिसरं निशाण अ‍ॅक्युरेट असतं म्हणे. पाच ठिपक्यांवरून ते सरासरीने बरोबर आहे हे कुणाला कळलं?

एकोणिसाव्या शतकात हे बदललं. नळीला आतून पीळ दिला गेला, लांबट गोळा नळीत घट्ट बसू लागला. १८५० च्या दशकाअखेर इंग्लंडात आर्मस्ट्राँगच्या तोफा आल्या. मग १८९७ ची फ्रेंच ७५ मिलिमीटरची तोफ: धक्का नळीखालच्या यंत्रणेने गिळायचा, गाडा जागचा हलायचा नाही, त्यामुळे प्रत्येक गोळ्यानंतर तोफ पुन्हा नव्याने रोखायला नको. प्रिसिजन वाढत गेलं ते अशा लोखंडी कामातून.

त्याच शतकात गणितही तयार होत होतं. गाउसने १८०९ मध्ये ग्रहांच्या कक्षांवरच्या आपल्या ग्रंथात चुकांचा वक्र मांडला. आपण ज्याला नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन म्हणतो तोच. त्यात वक्र किती अरुंद हे ठरवणाऱ्या अक्षराला त्याने निरीक्षणांच्या प्रिसिजनचं माप म्हटलं. मग १८१५ च्या सुमारास बेसेलने ‘प्रॉबेबल एरर’ हे माप वापरात आणलं: निम्म्या चुका याच्या आत, निम्म्या बाहेर. संख्याशास्त्रात तुम्ही ज्याच्या टी-टेस्टला घाबरता त्या ‘स्टुडंट’च्या १९०८ च्या पेपरच्या नावातही हाच प्रॉबेबल एरर आहे. संख्याशास्त्राने तो जवळजवळ सोडून दिला आणि स्टँडर्ड डेव्हिएशन धरलं. तोफखान्याने सोडला नाही. काकांना आजही ते आकडे पाठ आहेत: गोळ्यांच्या सरासरी जागेपासून पुढे एक-एक प्रॉबेबल एररचे पट्टे आखले, तर त्यांत शंभरातले २५, १६, ७ आणि २ गोळे पडतात, आणि मागेही तसेच. बेरीज करून बघा, शंभर होते. म्हणजे मधल्या दोन पट्ट्यांत निम्मे.

गाउसची एक गोष्ट मात्र आपल्या पुस्तकांतून गळते. १८२० च्या दशकातल्या लेखनात त्याने चुकांचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले, अनियमित आणि कायमच्या. आणि सांगून टाकलं की कायमच्या चुकांचा विचार आपण इथे करणार नाही, त्या हुडकून काढणं हे निरीक्षकाचं काम. म्हणजे ज्या गणितावर आपले एरर बार उभे आहेत, त्या गणिताने अ‍ॅक्युरसीची जबाबदारी पहिल्याच पानांत हात जोडून परत केली आहे. तुम्ही शंभर रीडिंग घ्या, सरासरीची अनिश्चितता दहापट कमी होईल. कायमची चूक जिथल्या तिथे राहील.

आता काकांचं वाक्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, विशेषतः १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात, तोफा टेकडीआड लपवून डागायची पद्धत रुळली. उघड्यावर राहिलेली तोफ टिकत नव्हती. तेव्हापासून तोफेवरच्या माणसाला लक्ष्य दिसत नाही. त्याला दिशेचा आणि उंचीचा कोन मिळतो, तो लावतो आणि डागतो. लक्ष्य दिसतं पुढे कुठेतरी दुर्बीण घेऊन बसलेल्या निरीक्षकाला. त्याच्या जागेला ओपी म्हणतात. पहिला गोळा मागे पडला की तो सांगतो, ४०० वाढवा. पुढे गेला, २०० कमी करा. असं लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये धरायचं आणि अंतर निम्मं-निम्मं करत जायचं. “ओपी नसेल तर काय,” काका म्हणाले, “तोफ दिवसभर एकाच खड्ड्यात गोळे टाकेल आणि खूश राहील.”

मी नेमकं तेच तीन महिने केलं होतं.

माझं काम एका मिश्रधातूच्या वितळण्यावर आहे. उष्णतेचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणात छोटा नमुना तापवायचा आणि वितळण्याचं टोक कुठल्या तापमानाला येतं ते बघायचं. प्रत्येक नमुना तीनदा चालवला. तिन्ही उत्तरं ०.१ अंशाच्या आत. ग्राफ इतका देखणा की एरर बार ठिपक्यांमागे लपत होते. गाइडनी तो बघितला आणि एकच विचारलं, “इंडियम शेवटचं कधी चालवलंस?” इंडियम १५६.६ अंश सेल्सिअसला वितळतं, हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते प्रमाण म्हणून वापरतात. मी चालवलं. टोक आलं १५८.९ ला. पुन्हा चालवलं, १५८.९. काटेकोरपणे चूक. माझं सगळं लक्ष गोळ्यांच्या खड्ड्यावर होतं, ओपीवर कुणी बसलंच नव्हतं.

मोठ्या माणसांचंही होतं, म्हणून धीर धरा. मिलिकनने १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनचा विद्युतभार ४.७७४ असा दिला (तेव्हाच्या एककात, दहाचा उणे दहावा घात), आणि अनिश्चितता सांगितली ०.००९. आजची किंमत ४.८०३. हवेची विस्यंदिता त्याने किंचित कमी धरली होती. हे १९३० च्या दशकात उलगडलं, तेही स्फटिकांवरच्या एक्स-रेच्या मोजमापांशी आकडा जुळेना म्हणून. दुसऱ्या वाटेने आलेली ती मोजमापं हीच त्याची ओपी.

आपल्याकडचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण कुलाब्याचं. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणं होत होती. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर जाणार असं ठरलं आणि वेधशाळेपुढे पेच पडला, कारण ट्रामच्या विजेने चुंबकीय रीडिंग थरथरली असती. हा झाला प्रिसिजनचा प्रश्न. संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली, लोखंड न वापरता इमारत उभी केली. पण जागा बदलली की दुसराच प्रश्न येतो. दोन ठिकाणी जमिनीखालचा खडक वेगळा, चुंबकत्वाची किंमत वेगळी. दोन्हीकडची उपकरणं कितीही काटेकोर असली तरी साठ वर्षांच्या आकड्यांपुढे नवे आकडे जोडले तर मधे एक खोटी पायरी तयार होणार. म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी निरीक्षणं घेतली, फरक काढला, आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. ती दोन वर्षं वाचवायचा मोह कुणालाही झाला असता. आजचा एखादा प्रोजेक्ट असता तर ‘युटिलायझेशन सर्टिफिकेट’च्या तारखेने ती नक्की खाल्ली असती.

शब्दांच्या बाबतीत एक ताजी गोष्ट लक्षात ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडेल. १९९४ च्या आयएसओ ५७२५ या मानकाने व्याख्या थोडी हलवली. सरासरी खऱ्या किमतीच्या जवळ असणं याला त्यांनी ‘ट्रूनेस’ म्हटलं, आणि ‘अ‍ॅक्युरसी’ हा ट्रूनेस आणि प्रिसिजन दोन्हींना कवेत घेणारा शब्द ठेवला. या हिशोबाने ते तिसरं, पसरट निशाण अ‍ॅक्युरेट नाहीच. जुनी पुस्तकं आणि नवं मानक यांत हा फरक आहे, त्यामुळे थिसिसमध्ये शब्द कुठल्या अर्थाने वापरताय ते एका ओळीत लिहून टाका.

माझ्या डेटाचं पुढे काय झालं? आधी वाटलं सोपं आहे, सगळ्यातून २.३ वजा करू. रीडिंग काटेकोर होती, म्हणून निदान दुरुस्त करण्याजोगी होती. मग शंका आली म्हणून कथिल चालवलं. ते २३१.९ ला वितळायला हवं. तिथे फरक निघाला २.९. म्हणजे चूक कायमची होती, पण सगळीकडे सारखी नव्हती. माझे निम्मे नमुने या दोन तापमानांच्या बरेच वर वितळणारे, तिथला फरक मला माहीतच नव्हता. जस्त मागवलं, कॅलिब्रेशन नव्याने केलं आणि ते नमुने पुन्हा चालवले. सात आठवडे गेले.

हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. एका लक्ष्यावर काढलेली दुरुस्ती जवळपासच्या अंतरालाच लागू होते, आणि तीही दारूचा चार्ज तोच असेल तर.

“किती लांब गेली होतीस?” त्यांनी विचारलं.

“तीनशे अंश.”

“मग रेंजिंग परत करायलाच हवं होतं,” असं म्हणून ते चहा घ्यायला उठले.