तीन भावांचा रुपया

मालेगावहून शेलूबाजारकडे निघालात की वाटेत किन्हीराजा लागतं. आज हे गाव वाशिम जिल्ह्यात आहे. तुम्ही उतरता तो दिवस मात्र मार्च 1957 मधला, जिल्हा अकोला. 1 नोव्हेंबरला गाव मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं. आता येत्या 1 एप्रिलपासून रुपयाही बदलणार आहे.

शाळेच्या सारवलेल्या ओसरीवर तुम्ही पोरांत मांडी घालून बसता. चिंचा नुकत्याच फोडून झाल्यात, त्यामुळे प्रत्येकापुढे चिंचोक्यांचा ढीग.

"बारा मांडा," गुरुजी म्हणतात.

शेजारचं पोट्टं चार-चारच्या तीन ओळी लावतं. तुम्ही सहा-सहाच्या दोन.

"आता अजून एक टाका."

झाले तेरा. तुम्ही दोन ओळी करून बघता, मग तीन, मग चार. दर खेपेला एक चिंचोका उपरा. शेवटी तेराही एका रांगेत लावता, तेव्हाच जमतं. एकानं आणि स्वतःनंच भाग जाणारी ही मूळ संख्या. आणखी एक टाकून चौदा केले की पुन्हा सात-सातच्या दोन ओळी होतात. लागोपाठच्या संख्यांत फरक एवढ्या एका चिंचोक्याचा, पण शेजारी शेजाऱ्यासारखा नाही. दर दुसरी संख्या सम, म्हणून 2 आणि 3 सोडले तर दोन मूळ संख्या कधीच लागून येत नाहीत.

"एक्याण्णव बी मूळच हाये न जी?" पोट्टं विचारतं.

"तेराचा पाढा म्हण."

पोट्टं जोरात सुरू करतं. "तेरा साती..." इथं आवाज बसतो. तुम्हीही मान खाली घालता, कारण तुम्हालाही ती मूळच वाटली होती.

मग गुरुजी रुपया काढतात. तीन भावांत कसा वाटाल? उत्तर तयारच असतं: पाच आणे चार पै. सोळा आण्यांच्या 192 पै, प्रत्येकाला 64.

"आणि नव्या रुपयाचे शंभर पैसे?"

पाटीवर लेखण्या करकरतात. तेहतीस, तेहतीस, तेहतीस. नव्व्याण्णव झाले, एक उरला. 192 फोडले तर सहा वेळा दोन आणि एकदा तीन निघतो. शंभर फोडले तर दोनदा दोन, दोनदा पाच. तीन कुठंच नाही. तीन लागोपाठ संख्यांत एक तिनाच्या पाढ्यातली असतेच; 99, 100, 101 मध्ये तो मान 99 ला गेला, आणि 101 तर मूळ संख्याच. (नवी नाणी हिशेबाला सोपी, यात वाद नाही. पण तीन भावांचा विचार कुणी केलेला दिसत नाही.)

"मंग उरला पैसा कोनाचा?"

"मोठ्याचा," मागून एक जण म्हणतो, आणि ओसरीवरची सगळी धाकटी एकदम ओरडतात.