पायरीच्या मापाची कुळकथा

रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या जुन्या घरांत माळा असायचा तो सामानासाठी. नारळ, सुपारी, पावसाळ्याची बेगमी वर टाकायची आणि लागेल तशी खाली आणायची. तेवढ्यासाठी माजघराची जागा कोण अडवणार? म्हणून भिंतीला लगटून लाकडी जिना जवळजवळ उभाच ठोकायचे. पायरी नऊ इंच उंच, पाऊल टेकायला जेमतेम सहा इंच, धरायला वरून सोडलेला काथ्याचा दोर. घरचं माणूस जिन्याकडे तोंड करूनच खाली उतरतं.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इथे तटबंदीचं शहर वसवलं. पायरीच्या मापाचा विचार युरोपात त्याच्याही फार आधीपासून चालू होता. देवळाच्या पायऱ्या किती उंच असाव्यात हे रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने लिहून ठेवलं होतं. मात्र त्या मापाचा माणसाच्या चालीशी हिशेब घातला फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लोंदेलने, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याचं म्हणणं असं : सपाटीवर माणसाची एक ढांग चोवीस इंचांची. एक इंच वर चढायला दोन इंच पुढे चालण्याएवढे कष्ट पडतात. तेव्हा पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी, ही बेरीज चोवीस इंच यायला हवी.

आता हा हिशेब आपल्या माळ्याच्या जिन्याला लावून बघा. नऊ दुणे अठरा आणि सहा, चोवीस! जिना सूत्रात चपखल बसतो, तरी उतरताना टाच टेकायला जागा नाही. नुसती बेरीज जुळून भागत नाही, ते इथे कळतं. म्हणूनच पुढच्या नियमांनी उंचीला कमाल आणि रुंदीला किमान अशी वेगळी बंधनं घातली. आपली राष्ट्रीय इमारत संहिता 1970 साली आली आणि 2016 साली तिची नवी आवृत्ती निघाली. घरातली पायरी 19 सेंटिमीटरहून उंच नको आणि 25 सेंटिमीटरहून अरुंद नको, असं ती सांगते. सार्वजनिक इमारतीसाठी हेच आकडे 15 आणि 30 आहेत. सलग ठरावीक पायऱ्या झाल्या की लँडिंग हवं. बेरीज केलीत तर 63 आणि 60 सेंटिमीटर येते, म्हणजे ब्लोंदेलच्या चोवीस इंचांच्या आसपासच.

अख्ख्या जिन्याच्या आणि दाराच्या रुंदीचा धडा मात्र जीव गेल्यावर मिळालेला आहे. 1883 साली इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये खेळ संपल्यावर मुलं जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या तळाशी असलेलं दार एका वेळी एकच मूल जाईल एवढं उघडं ठेवून अडकवलं होतं. 183 मुलं चिरडून मेली. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर पावसामुळे गर्दी थोपली आणि 23 माणसं गेली. कागदावर रुंदीचा नियम असतो, त्याच्यामागे ही माणसं असतात.

पण राष्ट्रीय इमारत संहिता ही मुळात शिफारस. स्थानिक नियमावलीत उतरल्यावर ती बांधील होते. महाराष्ट्रात मुंबईसारखे अपवाद सोडून 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे आणि तिच्यातही जिन्याची मापं दिलेली आहेत.

माझ्या मते या सगळ्यात मोलाचा नियम आहे तो सगळ्या पायऱ्या सारख्या असण्याचा. दोन पायऱ्या चढल्या की पाय उंची ओळखतो, तिसरीकडे डोळा बघतही नाही. घरात नवी लादी बसवली की जमीन दीड-दोन इंच वर येते आणि खालची पायरी तेवढीच बुटकी होते. वरच्या मजल्यावर लादी बसवली की शेवटची पायरी तेवढीच उंच होते. गवंड्याला तो फरक किरकोळ वाटतो, पण अंधारात माणूस नेमका तिथेच ठेचकाळतो.

आज या किनाऱ्यावर जुनी घरं पर्यटकांना राहायला दिली जातात आणि माळ्यावर गाद्या घातल्या जातात. पाहुण्याला उलटं तोंड करून उतरायची सवय नसते. घरमालकांना एवढीच विनंती : गादी घालण्याआधी टेप लावून प्रत्येक पायरी मोजा, दोराच्या जागी पक्का कठडा बसवा, जिन्याच्या वर आणि खाली दिवा लावा. माप बसत नसेल तर माळा नारळांनाच राहू द्या.