दम किती लागला?

‘दम’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा अर्थ श्वास. आपण दम धरतो, दम खातो, प्रसंगी कुणाला दम देतो. जिना चढताना दम लागतो. ‘दमा’ हे नावही त्याच घरातलं. माझ्या अब्बांना दमा होता. कसं वाटतंय विचारलं, की म्हणत, ‘काही नाही, थोडा दम लागलाय.’ त्या ‘थोडा’चं माप आम्हाला कधी कळलं नाही.

श्वास मोजण्याचा इतिहास मात्र पावणेदोनशे वर्षांचा आहे. लंडनच्या डॉ. जॉन हचिन्सन यांनी पाण्यात उपडं ठेवलेलं एक भांडं घेतलं. नळीतून फुंकलं, की ते वर उचललं जाई. हा स्पायरोमीटर. खलाशी, पोलीस, सैनिक, मुष्टियोद्धे अशा दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजून त्यांनी १८४६ साली आपले निष्कर्ष छापले. माणूस जितका उंच, तितका त्याचा श्वास मोठा, हे त्यांतून दिसलं.

पण दम्यात श्वासनलिका आक्रसतात. हवा किती सुटते, याइतकंच ती किती वेगाने सुटते हेही पाहावं लागतं. फ्रान्सच्या तिफनो यांनी १९४७ मध्ये जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात सुटणाऱ्या हवेकडे लक्ष वेधलं. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये राइट आणि मॅककेरो यांनी पीक फ्लो मीटर मांडला. पुढे त्याचं छोटं रूप घरोघरी गेलं.

यंत्राला वेग कळतो, घुसमट कळत नाही. ती रुग्णालाच विचारावी लागते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची शून्य ते दहाची मोजपट्टी त्यासाठी वापरतात. शून्य म्हणजे मुळीच त्रास नाही, पाच म्हणजे तीव्र.

मग दोन्ही मापं जुळतात का? नेहमी नाही. १९७६ मध्ये मेलबर्नच्या दोन डॉक्टरांनी ८२ दमेकरी तपासले. त्यांतल्या सुमारे १५ टक्क्यांना श्वासनलिका बऱ्याच आक्रसूनही काही जाणवत नव्हतं. १९९४ मध्ये जपानी संशोधकांना आढळलं, की मरणाच्या दारातून परतलेल्या दमेकऱ्यांची धाप जाणवण्याची शक्तीच मंद होती. उलट, आकडा बरा असून जीव घाबरा होणारेही असतात.

म्हणून डॉक्टर दोघांची साक्ष काढतात. रात्री दम्याने झोपमोड होते का, हेही विचारतात. घरी मीटर असेल, तर स्वतःचा सर्वांत चांगला आकडा लिहून ठेवावा. फुंकर त्याच्या निम्म्याखाली गेली, तर ‘बरं वाटतंय’ म्हणून थांबू नये. आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर मीटर शोधत बसू नये, दवाखाना गाठावा.

मी शब्दांवर जगणारा माणूस. तरी सांगतो, घरातलं कुणी ‘थोडा दम लागलाय’ म्हणालं, तर त्या शब्दावर विश्वास ठेवा, आणि एकदा फुंकायलाही सांगा. अब्बांना आम्ही ते कधी सांगितलं नाही.