मोडक्या पायाचा तिसरा इलाज

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत जाणारे ते डबे ओढण्यासाठी कंपनीने सुमारे नऊशे घोडे बाळगले होते. त्याच वर्षी याच शहरात 'बॉम्बे सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू अ‍ॅनिमल्स' ही संस्था स्थापन झाली. या दोन घटनांचा थेट संबंध असेलच असे नाही. पण ज्या शहराची वाहतूक जनावरांच्या पायांवर चालते, तेथे पाय मोडलेल्या जनावराचे काय करायचे हा प्रश्न रोजचाच असतो.

त्या काळी या प्रश्नाला दोन उत्तरे होती. घोड्याचा पाय मोडला की जगभर एकच इलाज केला जाई, तो म्हणजे बंदुकीची गोळी. दुसरे उत्तर खास आपल्याकडचे, पांजरपोळ. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मुंबईत दंगल उसळली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभा राहिला. तेथे लंगडे, आंधळे, म्हातारे जनावर मरेपर्यंत पोसले जाई. गोळीमागे हिशेब होता आणि पांजरपोळामागे दया. पण हाड जोडून जनावर पुन्हा चार पायांवर उभे करणे हा तिसरा इलाज दोघांकडेही नव्हता. तो यायला आणखी पाऊणशे वर्षे लागली.

हाड जोडण्याची विद्या मात्र अजिबात नवी नव्हे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार वर्णिले आहेत. मोडलेला अवयव ताणून जागेवर आणावा, झाडाच्या सालीच्या किंवा बांबूच्या पट्ट्या लावून तो बांधावा, असे त्यात सांगितले आहे. खेड्यातला हाडवैद्य बैलाच्या पायाला कामट्या बांधतो, तीही हीच रीत. १८५२ च्या सुमारास मॅथायसेन या डच लष्करी सर्जनने प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी रूढ केली, तेव्हा कामट्यांची जागा प्लास्टरने घेतली. तत्त्व तेच राहिले. तुटलेली टोके हलू दिली नाहीत तर हाड आपले आपण जुळते. वैद्य हाड जोडत नसतो, तो फक्त त्याला स्वस्थ ठेवतो.

अडचण आहे ती याच स्वस्थ ठेवण्यात. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडले, तरच कामट्या किंवा प्लास्टर काम देते. गुडघ्याखालच्या नळीला ते साधते. पण कुत्र्याच्या मांडीचे हाड पाहा. त्याचा वरचा सांधा थेट कमरेत बसलेला. त्यावर प्लास्टर घालायचे तर सगळे पेकाटच लिंपावे लागेल. शिवाय मांडी वर जाड आणि खाली निमुळती, त्यामुळे बांधलेली पट्टी चालताना घसरून मोडलेल्या जागेपाशीच येऊन थांबते आणि उलट तरफेसारखी त्या जागेला हिसके देते. अशी पट्टी बांधण्यापेक्षा काहीच न बांधलेले बरे! आणि रुग्ण माणूस नसल्यामुळे 'सहा आठवडे पडून राहा' हे त्याला सांगता येत नाही.

१८८६ साली परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या प्राणी रुग्णालयाच्या आवारात, मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील हे ब्रह्मदेशातील खेचरांच्या 'सरा' रोगावरील अभ्यासासाठी ओळखले जात. हे लक्षात घेण्यासारखे आहे. सरकारला त्या वेळी पशुवैद्य हवे होते ते साथीच्या रोगांसाठी. एका साथीत गावेच्या गावे बैलांवाचून बसत, शेतसारा बुडे आणि लष्कराची वाहतूक अडे. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, तीही याच गरजेतून; १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. बुळकांड्यासारखा रोग शेवटी २०११ साली पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्याची मुळे या खटपटीपर्यंत जातात. मोडका पाय मात्र संसर्गजन्य नाही. एकाचा पाय मोडल्याने दुसऱ्याचा मोडत नाही. त्यामुळे ते मालकाचे खाजगी दुःख राहिले.

हाडापर्यंत चिरा देऊन आतच त्याला आधार देण्यासाठी आधी तीन गोष्टी जमायला हव्या होत्या. भूल देण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आली. जखमेत पू होऊ न देणे लिस्टरने शिकवले; १८७७ मध्ये लंडनला त्याने गुडघ्याच्या मोडक्या वाटीचे तुकडे चांदीच्या तारेने शिवून दाखवले. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि आतले हाड न कापताच दिसू लागले.

तरीही धातू दगा देई. शरीरातील द्रव खारट असतो आणि खारट पाण्यात दोन वेगळे धातू शेजारी ठेवले की विद्युतघट तयार होतो, हे आठवीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. एका धातूची पट्टी आणि दुसऱ्याचे स्क्रू बसवले की नेमके हेच घडे. धातू झिजे, भोवतालचे हाड विरघळे, स्क्रू ढिले पडत. टेक्सासमधील वेनेबल आणि स्टक या दोघांनी १९३० च्या दशकात कुत्र्यांच्या हाडांत निरनिराळे धातू बसवून हे पद्धतशीरपणे दाखवून दिले. त्यातून गंजरोधक मिश्रधातू पुढे आले. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो, तो ओरखडला तरी पुन्हा तयार होतो, म्हणून ते शरीरात टिकते.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. माणसाच्या मोडक्या हाडांसाठी जे ज्ञान मिळाले, त्याचा मोठा भाग निरोगी कुत्र्यांची आणि मेंढ्यांची हाडे मुद्दाम तोडून मिळालेला आहे. त्याचा लाभ प्राण्यांपर्यंत परत यायला बराच काळ गेला. विज्ञानाच्या इतिहासात हे देणे सहसा लिहिले जात नाही.

जर्मनीतील कील येथील गेरहार्ट क्युन्चर या सर्जनची कल्पना साधी होती. लांब हाडे पोकळ असतात. मग त्या पोकळीतच एक पोलादी सळई का घालू नये? मज्जेत सळई घुसवली तर हाड मरेल, अशी बहुतेकांना भीती वाटत होती. क्युन्चरने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये पहिल्या माणसाच्या मांडीत सळई घातली. महायुद्ध सुरू असल्याने बाहेरच्या जगाला याचा पत्ता लागला तो फार चमत्कारिक रीतीने. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या वैमानिकांचे क्ष-किरण चित्र काढले, तर त्यांच्या मांडीच्या हाडात लांबच लांब धातूचा दांडा! अमेरिकी डॉक्टर चकितच झाले.

युद्धानंतर ही सळई पशुवैद्यांच्या हाती आली. स्वित्झर्लंडहून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेलेले जॅक जेनी हे तिच्या सुरुवातीच्या प्रसारकांपैकी एक. कुत्र्याच्या मांडीसाठी तर ती जणू घडवलेलीच होती. बाहेर कसलेही बांधणे नाही, सांधे मोकळे, आणि दोन-चार दिवसांत कुत्रे पाय टेकू लागते.

शिक्षकांनी वर्गात सहज करून दाखवावे असे दोन प्रयोग येथे देतो. एक खडू घेऊन वाकवून मोडा. तो आडवा, सरळ मोडेल. दुसरा खडू दोन्ही टोकांना धरून पिळून मोडा. आता मोडलेली कड मळसूत्रासारखी, सुमारे ४५ अंशांनी तिरकी जाईल. क्ष-किरण चित्रात हाडाचा भंग पाहून पाय वाकून मोडला की पिळवटून, हे सर्जन याच तर्काने ओळखतो. दुसरा प्रयोग असा: जुन्या बॉलपेनची प्लास्टिकची नळी मधोमध कापा आणि दोन्ही तुकड्यांतून बऱ्यापैकी घट्ट बसेल अशी विणकामाची सुई घाला. नळी आता वाकवून पाहा, वाकत नाही. पण पिळून पाहा, एक तुकडा दुसऱ्यावर गरकन फिरतो. सळईचे सगळे सामर्थ्य आणि सगळी मर्यादा या खेळण्यात दिसते.

वाकण्याला सळईचा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ३ मिलिमीटरऐवजी ४ मिलिमीटरची सळई घातली तर ती तिप्पटीहून थोडी अधिक ताठ होते. म्हणून सळई एकटीच वापरायची असेल तर तिने पोकळीचा सुमारे सत्तर टक्के व्यास भरावा असा संकेत आहे. अगदी ठासून भरली तर आतला रक्तपुरवठा पुन्हा उभा राहायला जागा उरत नाही. पिळवटणे थांबवण्यासाठी पुढे सळईला आडवी भोके ठेवून त्यातून स्क्रू घालण्याची युक्ती निघाली, तर दुसरीकडे हाडाच्या अंगाला पट्टी स्क्रूंनी आवळण्याचे तंत्र विकसित झाले.

पट्टीच्या तंत्राला शिस्त आणली ती स्विस सर्जनांनी. ६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील गावी तेरा जणांनी मिळून 'ए.ओ.' हा अभ्यासगट स्थापन केला. १९६९ मध्ये त्याची पशुवैद्यकीय शाखा निघाली. हालचाल थांबवायची म्हणजे किती, याला त्यांच्यातील पेरेन या संशोधकाने मोजमाप दिले. भेगेत प्रथम भरणारी कोवळी ऊती दुप्पट ताणली गेली तरी तुटत नाही. हाडाची ऊती मात्र सुमारे दोन टक्के ताणालाच तुटते. आता भेग एक मिलिमीटरची आणि हालचाल अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर ताण पन्नास टक्के झाला. तेथे हाड तयार होणे शक्य नाही. हाडवैद्याला हे गणित ठाऊक नव्हते, पण 'हलू देऊ नका' हा त्याचा आग्रह किती काटेकोर होता ते यावरून कळते.

कुत्र्यामांजरांच्या बाबतीत प्रश्न असा सुटत गेला. घोड्याने मात्र सर्जनांना हात टेकायला लावले. पाचशे किलोचा प्राणी. शस्त्रक्रियेनंतर त्याला लगेच उभे राहिलेच पाहिजे, कारण तो फार काळ आडवा राहू शकत नाही. १९७५ साली रफियन ही गाजलेली अमेरिकी शर्यतीची घोडी धावताना पाय मोडून पडली. शस्त्रक्रिया पार पडली, पण भुलीतून जागी होताना ती पडल्या पडल्या धावू लागली आणि सगळे बांधलेले मोडून टाकले. तिला मारावे लागले. जेनी यांनी घोड्याला पाण्याच्या हौदात तरंगत जागे करण्याची कल्पना मांडली होती ती याच धोक्यासाठी. २००६ मध्ये बार्बारो हा घोडा असाच मोडला. त्याच्या पायात पट्टी आणि सत्तावीस स्क्रू बसवले, तो पाण्यात जागा झाला, हाडही बऱ्यापैकी जुळले. पण भार दुसऱ्या पायांवर पडून खुरांचा दाह झाला आणि जानेवारी २००७ मध्ये त्यालाही मारावे लागले. हाड जुळणे आणि जनावर वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईत घोड्यांची ट्राम १९०५ मध्ये थांबली. शहरातल्या म्हशींसाठी १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. आज उपनगरांतले बहुतेक मोडके पाय कुत्र्यामांजरांचे असतात. घाटकोपर-मुलुंडच्या रस्त्यावर रिक्षाखाली सापडलेले पिल्लू, अंधेरी-बोरिवलीच्या उंच इमारतीच्या खिडकीतून पडलेले मांजर. पिल्लाचे हाड तीन-चार आठवड्यांत जुळते, मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिने लागतात. प्राण्यांसाठी खास बनवलेल्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून आपल्याकडचे पशुवैद्य पुष्कळदा माणसाच्या बोटांसाठी केलेल्या छोट्या पट्ट्या वापरतात. मांजराच्या पायाला त्या छान बसतात. रतन टाटा यांना आपल्या कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जावे लागले होते. उशीर झाल्याने तेथे सांधा बदलण्याऐवजी तो एका स्थितीत जखडून टाकावा लागला, असे त्यांनीच सांगितले होते. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, त्यामागे हा अनुभव होता.

बैलाचे काय? माझ्या मते आपल्याकडचा खरा प्रश्न हाच आहे. पाय मोडलेला बैल पूर्वी खाटकाकडे जाई. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हणजे शेतकऱ्यापुढे उरतो तो पांजरपोळ किंवा उपचार. अंधेरीतल्या दहा वर्षांच्या कुत्र्याला मिळणारी पट्टी मराठवाड्यातल्या बैलाला मिळत नाही. याचे कारण केवळ पैसा नव्हे. चारशे किलो वजनाखाली सळई वाकते, स्क्रू उपटून येतात आणि गोठ्यातल्या शेणामुतात शस्त्रक्रियेची जखम कोरडी ठेवणे दुरापास्त असते. वासरांना मात्र हा उपाय लागू पडतो. त्यांचे वजन कमी आणि हाड जुळण्याचा वेग जास्त.

यातून एक मधला मार्ग निघाला आहे. पेनसिल्व्हेनियातले पशुवैद्य ओटो स्टेडर यांनी १९३० च्या दशकात कुत्र्यांसाठी एक साधन केले होते. मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली हाडातून आरपार सळया घालायच्या आणि त्यांची बाहेर आलेली टोके एका दांड्याने जोडायची. हे साधन पुढे अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी वापरले. प्राण्याकडून माणसाकडे गेलेला हा उपाय आता पुन्हा गोठ्याकडे वळतो आहे. पुण्यात १८८९ साली निघालेल्या त्या प्रयोगशाळेचाच आजचा अवतार म्हणजे बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. तेथे यावर बरेच काम झाले आहे. दांड्याऐवजी तेथे इपॉक्सीचा लगदाही वापरून पाहिला गेला. नळ गळू लागला की प्लंबर दोन रंगांचा लगदा मळून लावतो, त्याच जातीचा. सळयांच्या टोकांभोवती तो थापायचा. थोड्या वेळात तो दगडासारखा कडक होतो आणि वासरू उठून उभे राहते.