स्टुर्झेनेगर, फेदेरिको

स्टुर्झेनेगर, फेदेरिको आदोल्फो : (११ फेब्रुवारी १९६६ – ). आर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ, नियमनमुक्ती व राज्ययंत्रणा-परिवर्तन खात्याचे पहिले मंत्री. जन्म सांता फे प्रांतातील रुफिनो येथे. ला प्लाता विद्यापीठातून पदवी आणि १९९१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीतून पीएच.डी. पुढे अध्यापन, वायपीएफ या तेल कंपनीत मुख्य अर्थतज्ज्ञ, बँको सिउदादचे अध्यक्ष (२००८–१३), नंतर खासदार.

संशोधक म्हणून त्यांचे नाव झाले ते विनिमय दरांवरील अभ्यासामुळे. एदुआर्दो लेव्ही येयाती यांच्यासह त्यांनी देशांची वर्गवारी केली, ती सरकारे काय जाहीर करतात यावरून नव्हे, तर चलनबाजारात प्रत्यक्ष काय करतात यावरून. मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षपदी मात्र (२०१५–१८) याच विषयाने त्यांचा घात केला. डॉलरखरेदीवरील निर्बंध त्यांच्या काळात उठले. पण डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने पुढील वर्षाचे महागाईचे उद्दिष्ट १० वरून १५ टक्क्यांवर नेले आणि बँकेच्या शब्दाची पत गेली. पेसो कोसळला, नाणेनिधीचे दार ठोठवावे लागले आणि १४ जून २०१८ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

सत्तेबाहेर असताना त्यांनी चमू जमवून जुने कायदे कलमवार तपासले आणि रद्द करण्याजोग्या तरतुदींचे मसुदे तयार केले. हे काम राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार पात्रिसिया बुलरिच यांच्या प्रचारासाठी होते; त्या हरल्या आणि मसुदे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या हाती आले. २० डिसेंबर २०२३ रोजी जाहीर झालेला ३६६ कलमांचा अध्यादेश त्यातूनच उभा राहिला. मंत्रालये १८ वरून ९ वर आणणाऱ्या मिलेईंनी जुलै २०२४ मध्ये नोकरशाही छाटण्यासाठीच एक नवे मंत्रालय काढले व ते स्टुर्झेनेगर यांना दिले.

लायसन्स-परमिट राज अनुभवलेल्या भारतीय वाचकाला त्या अध्यादेशातील बरेच काही ओळखीचे वाटेल. २०२० च्या भाडेकायद्याने घरभाड्याचा करार किमान तीन वर्षांचा केला होता, भाडेवाढ वर्षातून एकदाच व सरकारी निर्देशांकानुसार. भडकत्या महागाईत घरमालकांनी घरे बाजारातून काढून घेतली. कायदा रद्द होताच ब्वेनोस आयरेसमध्ये भाड्याच्या घरांच्या जाहिराती वाढल्या. हे स्टुर्झेनेगर यांचे सर्वांत ठळक यश. येर्बा मातेची गोष्ट वेगळी. या पेयाच्या पानांचा दर ठरवणाऱ्या संस्थेचा तो अधिकार गेला, खरेदीदार गिरण्या मूठभर, उत्पादक हजारो. मिसिओनेस प्रांतातले लहान शेतकरी पडत्या दराविरुद्ध रस्त्यावर उतरले. १९९१ मध्येही तेव्हाचे नियामक मंडळ असेच बरखास्त झाले होते आणि २००२ मध्ये सरकारला नवी संस्था उभारावी लागली होती. तो अनुभव गाठीशी असताना तोच प्रयोग पुन्हा करणे ही घाई म्हणावी लागेल.

अध्यादेशातील कामगारविषयक प्रकरण न्यायालयांनी रोखले. मार्च २०२४ मध्ये सिनेटने अख्खा अध्यादेश फेटाळला, तरी तो टिकला. कारण तो पडण्यासाठी दोन्ही सभागृहांचा नकार लागतो. अध्यादेशाखेरीज एका वेगळ्या कायद्याने सरकारला दिलेले वर्षभराचे विशेषाधिकार जुलै २०२५ मध्ये संपले. त्यांच्या आधारे कृषी-तंत्रज्ञान व औद्योगिक-तंत्रज्ञान संस्थांची स्वायत्तता काढणारे आणि राष्ट्रीय महामार्ग विभाग बरखास्त करणारे आदेश निघाले होते. ते मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी रद्द केले.