पेलोग स्वर आणि युकुलेलीचे कॉर्ड

बालीतील गामेलान वाद्यवृंदाच्या स्वररचनेवरून युकुलेलीचे कॉर्ड बांधण्याची पद्धत. पेलोग ही मुळात सात स्वरांची व्यवस्था. पैकी पाच निवडून ‘सेलिसिर’ हा प्रचलित प्रकार होतो. डिंग, डोंग, डेंग, डुंग, डांग ही त्याच्या स्वरांची नावे. पाश्चात्त्य स्वरांत तो साधारण ई, एफ, जी, बी, सी असा मांडतात. भूपाल तोडी ऐकलेल्या कानाला (सा, कोमल रे, कोमल ग, प, कोमल ध) तो परका वाटणार नाही.

युकुलेलीच्या तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. पैकी ए हा स्वर या पाचांत बसत नाही. त्यामुळे ती तार मोकळी सोडता येत नाही: दुसऱ्या पडद्यावर बी किंवा तिसऱ्यावर सी घ्यावा लागतो. बाकी तिन्ही तारा मोकळ्या ठेवून बी घेतल्यास सी मेजर सेव्हन, सी घेतल्यास साधा सी मेजर मिळतो. ०४३२ (आकडे त्याच क्रमाने तारांवरील पडद्यांचे, ० म्हणजे मोकळी तार) हा ई मायनर. खरी गंमत ००१२ मध्ये आहे. जी, सी, एफ, बी एकत्र वाजले की खणखणीत, काहीसा कडवट नाद उठतो. नेहमीचा जी मेजर मात्र जमत नाही, कारण डी स्वरच नाही.

हे सगळे अंदाजाचेच. प्रत्येक गामेलानची लावणी वेगळी असते, शिवाय जोडीतील दोन वाद्ये मुद्दाम किंचित वेगळी लावून ‘ओम्बाक’ हे आंदोलन साधतात. पडद्यांच्या वाद्यावर ते उतरत नाही. दोन युकुलेली घेऊन एक जरा चढी लावल्यास थोडेफार जवळ जाता येते.